टॉमस आजोबांची वेणी

रानजाई | १४ नोव्हेंबर २०१६

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. गेली दोन वर्षं मी आयर्लंडच्या पश्चिम भागात वृद्धांच्या एका छोट्या केंद्रात नर्स आहे. आमच्याकडचे निम्मे लोक जुन्या मनोरुग्णालयातून आलेले आहेत. ती मोठी दगडी रुग्णालयं एकेक करून बंद झाली आणि ज्यांना जायला घर उरलं नव्हतं ते आमच्यासारख्या ठिकाणी आले. अशाच एका आजोबांबद्दल लिहितेय. नाव आणि काही तपशील बदलले आहेत, त्यांना आपण टॉमस म्हणू.

टॉमस आजोबांचं वय ८०. नोंदवहीत जन्म १९३६ चा. आठ वर्षांचे असताना आई वारली आणि कोर्टाने त्यांना इंडस्ट्रियल स्कूलमध्ये पाठवलं. ही निराधार मुलांसाठी धर्मसंस्थांनी चालवलेली निवासी शाळा. सोळाव्या वर्षी बाहेर पडून काकांच्या शेतावर राबले. १९५८ साली, बावीस वर्षांचे असताना, काकांनी अर्ज केला, डॉक्टरांनी दाखला दिला आणि आजोबा मनोरुग्णालयात गेले. १९४५ च्या कायद्यानुसार एकदा 'विकृत मनाची व्यक्ती' असा शिक्का बसला की मुदत अशी नसायचीच. ते आत राहिले ते पन्नासहून जास्त वर्षं. शेत काकांच्या नावावर झालं. निदान छिन्नमनस्कतेचं (स्किझोफ्रेनिया). आता त्यावर विस्मरणाची भर पडलीय.

मला बोलायचंय ते त्यांच्या आठवणींबद्दल.

ते एक प्रसंग पुन्हा पुन्हा सांगतात. रात्रीची वेळ. चुलीत टर्फ जळतोय (इथे दलदलीतली माती विटांसारखी कापून, वाळवून जाळतात, तिचा वास कपड्यांना आठवडाभर राहतो). दार लाथेने उघडतं. हिरव्या गणवेशातले सैनिक आत येतात, मामाचा पत्ता विचारतात. टेबलाची कड आजोबांच्या डोळ्यांसमोर येते, म्हणजे तेव्हा उंची तेवढीच. आणि एक सैनिक त्यांची वेणी धरून मान मागे ओढतो. हे सांगताना आजोबांचा हात मानेमागे जातो. तिथे केस नाहीत, टक्कल आहे. तरी बोटं काहीतरी सोडवत असल्यासारखी हलतात.

यात दोन गोष्टी अशक्य आहेत. घराघरांत असे सैनिक शिरत होते ते इथल्या यादवी युद्धात, १९२२-२३ मध्ये, म्हणजे आजोबांच्या जन्माच्या तेरा वर्षं आधी. आणि मुलग्याला वेणी कुठली? त्यांच्या जुन्या कागदांत १९६० च्या दशकातल्या डॉक्टरांनी लिहिलंय, 'लहानपणी आपल्याला वेणी होती असा दावा करतो.' भ्रमाचा पुरावा म्हणून.

त्याच पानावर त्याच अक्षरात पुढची ओळ आहे : 'शाळेतले ब्रदर आपल्याला मारत असत असा छळाचा भ्रम.' (ब्रदर म्हणजे शाळा चालवणाऱ्या धर्मसंस्थेतले व्रतस्थ पुरुष.)

ही दुसरी ओळ वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. कारण रोज सकाळी मी त्यांच्या खोलीत जाते तेव्हा आजोबा पलंगाशेजारी उभे असतात. पलंगावरची चादर काढलेली. ती त्यांनी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलेली असते, मला दिसावी म्हणून. चेहरा चादरीमागे. चादर कोरडी असते. रोज.

मला विचारायचंय ते असं. वेणीची गोष्ट ते सांगतात तेव्हा मी काय करायचं? 'नाही आजोबा, तुम्ही तेव्हा जन्मलाच नव्हता' असं म्हणायचं? की हो ला हो करायचं? दोन्ही मला खोटं वाटतं.

ओवी | १४ नोव्हेंबर २०१६

चादरीचं वाचून थांबले. पुढचं नंतर लिहीन.

मंद्रसप्तक | १५ नोव्हेंबर २०१६

ताई, मी पुण्यात मनोविकारतज्ज्ञ आहे. रुग्ण न पाहता निदान करणार नाही, पण आठवणींविषयी चार गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे भ्रम वेगळा आणि पोकळी भरणं वेगळं. कॉर्साकॉफ या रशियन डॉक्टरांनी १८८० च्या दशकाच्या शेवटी दारूमुळे स्मृती गेलेल्या रुग्णांचं वर्णन केलं. हे रुग्ण न घडलेल्या गोष्टी अगदी शांतपणे, बारकाव्यांसकट सांगत. फसवायचा हेतू नसतो. मेंदूला रिकामी जागा सहन होत नाही, तो हाताशी असेल ते तिथे बसवतो. आणि गंमत अशी की बसवलेलं सामान बहुतेक वेळा खरंच असतं, फक्त जागा चुकलेली असते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आठवणीत 'काय' आणि 'कुठून' असे दोन भाग धरा. 'कुठून' आधी पुसलं जातं. आपल्यापैकी कितीजणांना स्वतःचं जावळ 'आठवतं'? मामाच्या मांडीवर बसलोय, न्हावी समोर, मी रडतोय. वर्षाचं मूल ते लक्षात ठेवत नाही. आपण फोटो पाहिलेला असतो, आईने दहा वेळा सांगितलेलं असतं. पण शपथेवर विचारलं तर आपण म्हणू, मला आठवतं. यात कसलाही आजार नाही. वय झालं, त्यात पन्नास वर्षं गोळ्या आणि कदाचित विजेचे झटके झाले असतील, तर 'कुठून' अजूनच लवकर जातं.

म्हणून 'खरं की खोटं' याऐवजी मी विचारेन, हे कुणाकडून आलं असेल? यंदा तिकडे इंग्रजांविरुद्धच्या १९१६ च्या उठावाची शताब्दी आहे ना? टीव्हीवर दिवसभर गणवेश आणि बंदुका दिसत असतील. तिथून काही मिसळलंय का?

रानजाई | १५ नोव्हेंबर २०१६

डॉक्टर, टीव्हीचा विचार मीही केला होता. पण वेणीची नोंद १९६० च्या दशकातली आहे. तेव्हा तिथल्या वॉर्डात टीव्ही असेल असं वाटत नाही. आणि टीव्हीवर जे दाखवतात ते डब्लिनमधलं पोस्ट ऑफिस आणि इंग्रज सैनिक. आजोबांचे सैनिक आयरिश बोलीत बोलतात. त्यातला एक आजोबांच्या मामाला नावाने ओळखतो.

आडवाटेचा | १६ नोव्हेंबर २०१६

रानजाईताई, तुमची तळमळ कळते. पण एक कटू बाजू मांडतो, राग मानू नका.

जो माणूस छातीठोकपणे सांगतो की सैनिकाने माझी वेणी ओढली, त्याच माणसाच्या शब्दावर शाळेतल्या ब्रदरांनी मारलं हे खरं धरायचं का? एक आठवण उघड अशक्य असेल तर दुसरीला वजन कशाचं? ते ब्रदर आज हयात नाहीत, त्यांना बाजू मांडता येत नाही. माझे काका शिक्षक होते. एका माजी विद्यार्थ्याने वीस वर्षांनी त्यांच्यावर आळ घेतला. तारखा जुळत नव्हत्या, काका त्या वर्षी त्या शाळेत नव्हतेच. पण शेवटपर्यंत गावात लोक त्यांच्याकडे बघून कुजबुजायचे. आठवणीने माणूस बरबाद होतो हे मी घरात पाहिलंय.

शिलालेख | १६ नोव्हेंबर २०१६

आडवाटेचा, तुमच्या काकांचं वाचून वाईट वाटलं, आणि तारखा तपासायला हव्यात हे मान्य. फक्त तारखा जिथे लिहिलेल्या असतात ते कागद काय योग्यतेचे आहेत हेही तपासू या. आयर्लंडचा तो काळ माझ्या वाचनातला, म्हणून जरा लांबण लावतो.

६ डिसेंबर १९२१ ला इंग्लंडशी तह झाला. तो मान्य असणारे आणि नसणारे असे कालचे सोबती दोन बाजूंना गेले. २८ जून १९२२ ला नव्या सरकारच्या सैन्याने डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीवर तोफा डागल्या, कारण आत तहविरोधक बसले होते. ३० तारखेला स्फोट होऊन शेजारचा सरकारी दफ्तरखाना जळून गेला. सात शतकांचे कागद गेले. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ च्या खानेसुमारीचे जवळजवळ सगळे बाड त्यात होते. यादवीच्या पहिल्याच आठवड्यात राष्ट्राची लेखी स्मृती राख झाली, हे विसरू नका.

आता जे कागद राहिले त्यांचं बघू. मार्च १९२३, केरी परगणा. नॉकनागोशेलला सापळा लावलेल्या सुरुंगात सरकारी बाजूचे पाच सैनिक मेले. दुसऱ्या दिवशी, ७ मार्चला पहाटे, ट्रॅलीच्या कैदेतल्या नऊ तहविरोधकांना बॅलीसीडीला नेलं, सुरुंगाभोवती एकमेकांना बांधलं आणि सुरुंग उडवला. सरकारी निवेदन आलं की कैदी रस्त्यावरचा अडथळा हटवत होते आणि त्यात त्यांच्याच बाजूने पेरलेला सुरुंग फुटला. लष्करी चौकशी झाली, सैन्य निर्दोष ठरलं. कागद अगदी व्यवस्थित.

पण नऊपैकी एक जण, स्टीफन फुलर, स्फोटाने बाजूला फेकला गेला आणि जगला. सैन्याला वाटलं नऊही गेले, म्हणून शवपेट्याही नऊच पाठवल्या. फुलर पुढे १९३७ ते १९४३ आयरिश संसदेत सदस्य होता. तरी जाहीरपणे त्याने हे सांगितलं ते १९८० मध्ये, टीव्हीवरच्या मुलाखतीत. म्हणजे सत्तावन्न वर्षं सरकारी कागद एक सांगत होता आणि एका माणसाच्या डोक्यात दुसरंच होतं. खरा कोण निघाला? म्हाताऱ्याची आठवण.

आणि आठवणी अगदी तुटपुंज्या होत्या असंही नाही. १९४७ ते १९५७ या काळात तिथल्या सरकारने जुन्या लढवय्यांच्या १,७७३ जबान्या घेतल्या, आणि २००३ पर्यंत कुलपात ठेवल्या. आज त्या वाचल्या की दिसतं, एकाच चकमकीतले दोघे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. कुणी खोटारडा नाही. तीस वर्षं दर हिवाळ्यात चुलीपाशी सांगून सांगून ती गोष्ट घट्ट झालेली असते.

रानजाई | १८ नोव्हेंबर २०१६

शिलालेख, मनापासून आभार. फुलर यांच्याबद्दल माहीत नव्हतं.

आडवाटेचा, तुमच्या काकांवर जे बेतलं ते वाईटच. पण आजोबांनी कुणा एका ब्रदरचं नाव घेतलेलं नाही. त्यांना कुणावर खटला भरायचा नाही. आणि शाळांबद्दल आज फक्त रुग्णांच्या शब्दावर राहावं लागत नाही. १९९९ मध्ये इथल्या पंतप्रधानांनी या मुलांची माफी मागितली. २००० मध्ये आयोग नेमला गेला आणि मे २००९ मध्ये त्याचा अहवाल आला, आयोगाच्या अध्यक्षांच्या नावावरून रायन अहवाल म्हणतात त्याला. पाच खंड. मुलग्यांच्या शाळांत मारहाण आणि भीती हीच शिस्त होती असं त्यात स्वच्छ लिहिलंय. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांना सर्वांसमोर शिक्षा देणं, चादरीसकट उभं करणं हे वेगवेगळ्या शाळांतल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी सांगितलंय.

मी ते प्रकरण रात्रपाळीत वाचलं. सकाळी सहाला खोलीत गेले तर आजोबा चादर धरून उभे. ते काहीच सांगत नव्हते. त्यांना रायन माहीत नाहीत, अहवाल माहीत नाही. त्यांच्या हातांना माहीत आहे.

१९६० च्या दशकातले ते डॉक्टर वाईट होते असं मला म्हणायचं नाही. त्या वेळी कुणाचाच यावर विश्वास बसत नव्हता. आणि त्यांच्यापुढे रुग्ण तरी किती! १९५० च्या दशकात तीस लाखांहून कमी वस्तीच्या या देशात वीस हजारांवर माणसं मनोरुग्णालयांत होती. १९६१ मध्ये दर हजारी ७.३ खाटा, तेव्हाच्या उपलब्ध आकड्यांत जगात सर्वांत जास्त. १९६६ च्या सरकारी आयोगानेच हे नोंदवलं. एवढ्या गर्दीत एका पोराची वेणी कोण उलगडत बसणार?

कॉर्ककर | १९ नोव्हेंबर २०१६

मी इथे अकरा वर्षं आहे, आयटीत. कॉर्कला नदीच्या उतारावर एक लांबच लांब दगडी इमारत आहे, १८५२ मध्ये सुरू झालेलं जुनं मनोरुग्णालय. तिच्या एका भागात आता फ्लॅट आहेत. आम्ही घर शोधताना एजंटने तेही दाखवलं. दृश्य सुंदर, खाली ली नदी. माझ्या ऑफिसातली इथलीच एक सहकारी ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, माझी आत्या तिथे होती, आमच्या घरी तिचं नाव काढत नसत. एवढंच. नंतर चार वर्षांत तिने परत विषय काढला नाही.

ताई, इथे लोक खूप बोलतात, हवेबद्दल तासभर बोलतील. पण घरातून कुणाला 'आत' पाठवलं ते बोलत नाहीत. तुमच्या आजोबांच्या घरचं कुणी आहे का? खरं तर ज्यांना 'कुठून' माहीत आहे ते लोक तेच असणार.

सुमतीकाकू | २० नोव्हेंबर २०१६

रानजाई बाळा, मी साताऱ्याची. वय बहात्तर. आमच्या ह्यांना विस्मरण होऊन सहा वर्षं झाली. मला डॉक्टरी कळत नाही. माझ्या अनुभवाचं सांगते.

हे रोज संध्याकाळी दारात उभे राहतात आणि म्हणतात, बैल अजून आले नाहीत. आमच्याकडे बैल कधीच नव्हते, हे पोस्टात होते. पहिली दोन वर्षं मी समजूत घालायचे, अहो आपल्याकडे बैल कुठले. ते चिडायचे, मी रडायचे. मग एकदा मी विचारलं, कोणता बैल? म्हणाले, कपाळावर पांढरा टिळा असलेला. बैलाचं नाव काय? म्हणाले, सर्जा. मी सासूबाईंच्या बहिणीला फोन लावला, त्या नव्वदीच्या. त्या म्हणाल्या, सर्जा तर आमच्या बाबांचा बैल. त्यांच्या बाबांचा! म्हणजे ह्यांच्या आजोबांचा, ह्यांच्या जन्माआधीच मेलेला. सासूबाई ह्यांना झोपवताना त्याची गोष्ट सांगायच्या.

मग मी वाद घालणं सोडलं. आता मी म्हणते, सर्जाचं सांगा ना. ते सांगतात. मी खोटं बोलत नाही आणि त्यांना खोटंही पाडत नाही.

तर मला विचारायचं होतं, टॉमसरावांच्या आईला वेणी होती का गं?

रानजाई | २० नोव्हेंबर २०१६

काकू. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मंद्रसप्तक | २० नोव्हेंबर २०१६

काकू, तुम्ही डॉक्टरी कळत नाही म्हणता आणि जे मला चार परिच्छेदांत सांगता आलं नाही ते विचारलंत. ताई, त्यांच्या आईचं जन्मवर्ष मिळतं का बघा.

रानजाई | ९ ऑक्टोबर २०१७

धागा वर काढतेय. वर्षभर काही कळलं नव्हतं म्हणून लिहिलं नाही.

मागच्या महिन्यात आजोबांची भाची आली. आजोबांना धाकटी बहीण होती हेच आमच्या कागदांत नव्हतं. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची. तिला मावशीने नेलं, आजोबांना कोर्टाने. दोघं पुन्हा भेटलीच नाहीत. ती बहीण यंदा वारली आणि तिचे कागद आवरताना भाचीला मामाचं नाव सापडलं.

मी तिला चहा दिला. आजोबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग त्यांची ती रात्र सांगायला लागले. टर्फ. दार. हिरवे गणवेश. त्यांचा हात मानेमागे गेला तशी भाची कप खाली ठेवून म्हणाली, 'पण ही तर आजीची गोष्ट.'

तिच्या आजीची, म्हणजे आजोबांच्या आईची. जन्म १९१६. तेवीसच्या वसंतात ती सात वर्षांची होती. सैनिक तिच्या भावाला शोधत आले होते. वेणी तिची ओढली. त्या घरातल्या सगळ्या मुलांना ही गोष्ट माहीत आहे. मावशी त्यांना ती सांगायची, कारण आजोबांच्या आईकडून मिळालेलं दुसरं काहीच त्या घरात नव्हतं. फोटोसुद्धा नाही.

आठ वर्षांचा मुलगा. आई गेली, घर गेलं, बहीण गेली. शाळेत दारातच घरचे कपडे काढून घेऊन दुसरे द्यायचे. बरोबर नेता आलं ते एवढंच. ते इतकं घट्ट धरलं की ते आईचं आहे हे निसटलं आणि त्यांचं झालं. आणि याच वेणीपायी त्यांच्या कागदावर शिक्का बसला.

भाचीने विचारलं, मी त्यांना सांगू का की ते तुमच्या आईचं आहे? मी म्हटलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, 'टॉमस, तुमच्या आईला वेणी होती.' आजोबा म्हणाले, 'हो. लाल. मी ओढायचो.' आणि हसले. मी तीन वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

आडवाटेचा | १० ऑक्टोबर २०१७

ताई, मी वर्षापूर्वी लिहिलं होतं की एक आठवण अशक्य ठरली तर दुसरीला वजन राहत नाही. तसं नसतं. मागे घेतो.

काकांच्या बाबतीत मात्र माझं मत तेच आहे. तिथे कुणीच भाचीसारखं जाऊन विचारलं नाही. त्या विद्यार्थ्याने मार खाल्ला असेलही, दुसऱ्या कुणाचा तरी. आज पहिल्यांदा हा विचार मनात आला.

शिलालेख | १९ जानेवारी २०२१

हा धागा परत वर काढायचं कारण इथल्या बहुतेकांनी वाचलं असेल. आयर्लंडच्या माता-बालक गृहांवरच्या आयोगाचा अहवाल १२ जानेवारीला आला. अविवाहित मातांसाठीच्या अशा अठरा संस्थांत मिळून सुमारे ९,००० बालकं दगावली. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली.

पण ज्या बायकांनी आयोगापुढे तोंड उघडलं त्या आज संतापलेल्या आहेत. साडेपाचशेच्या आसपास लोकांनी गोपनीय समितीपुढे आपली कहाणी सांगितली. ती शपथेवर नव्हती म्हणून निष्कर्षांत तिला तेवढं वजन दिलं नाही. काही साक्षी माध्यमांतलं ऐकून 'दूषित' झाल्या असाव्यात असंही लिहिलं. ध्वनिफिती तर पुसून टाकल्या होत्या.

मंद्रसप्तक यांनी २०१६ मध्ये टीव्हीबद्दल विचारलं होतं ते आठवलं. तो प्रश्न रास्त होता, पण तो विचारून ते थांबले नव्हते, पुढे 'कुणाकडून आलं असेल' हेही शोधायला सांगत होते. आयोगाने पहिला प्रश्न विचारला आणि दार लावून घेतलं.

ट्यूम या गावाचं उदाहरण घ्या. १९२५ ते १९६१ तिथे असं गृह होतं. १९७५ मध्ये दोन शाळकरी पोरांना त्या आवारात खेळताना फरशीखाली हाडं दिसली. मोठ्यांनी समजूत घातली की ती १८४० च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळातली असतील. पुढे कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहास अभ्यासक बाईंनी स्वतःचे पैसे घालून एकेक मृत्यूचा दाखला मागवला. ७९६ मुलं. दफनाची नोंद जवळजवळ कुणाचीच नाही. मार्च २०१७ मध्ये उत्खननाने सिद्ध केलं की तिथे लहानग्यांचे अवशेष मोठ्या संख्येने आहेत आणि ते त्या गृहाच्याच काळातले आहेत. पोरांनी जे पाहिलं ते बरोबर होतं.

कॉर्ककर | १९ जानेवारी २०२१

माझ्या त्या सहकारीने काल स्वतःहून मला आत्याचं नाव सांगितलं. एवढ्या वर्षांनी. इथे लिहीत नाही, पण सांगितलं.

रानजाई | २१ जानेवारी २०२१

टॉमस आजोबा २०१८ च्या हिवाळ्यात गेले हे इथे कळवायचं राहिलं होतं. भाची होती जवळ. त्यांना आईच्या शेजारी पुरलं. कबरीवर दोघांची नावं आहेत.

त्यांची फाइल बंद करताना मी वरिष्ठांना विचारून शेवटच्या पानावर लिहिलं की वेणीची आठवण आईकडून आलेली आहे आणि नातेवाइकांनी त्याला दुजोरा दिलाय. जुनी नोंद खोडता येत नाही, खोडूही नये. पण आता ती फाइल कुणी उघडली तर दोन्ही वाचतील.

पाणवठा | ३ ऑगस्ट २०२५

नमस्कार, मी नवीन सदस्य. ट्यूमला गेल्या महिन्यात मोठं उत्खनन सुरू झालं, त्याच्या बातम्या शोधताना हा धागा मिळाला. एका बैठकीत सगळा वाचला.

मीही नर्स आहे, नाशिकची, सध्या गॉलवेत. आमच्याकडे एक आजी आहेत, त्या जेवताना पावाचा अर्धा तुकडा बाहीत लपवतात. मला वाटायचं ही नुसती सवय असेल. आता तसं वाटत नाही.

रानजाईताई, एक विचारायचं होतं. चादरीचं पुढे काय केलंत? ते थांबलं का?

रानजाई | ४ ऑगस्ट २०२५

पाणवठा, पाव राहू दे त्यांच्या बाहीत. जेवणानंतर एक तुकडा कागदात गुंडाळून दे, 'हा तुमचा, रात्रीसाठी' म्हणून. आमच्याकडे एकाबाबत हे चाललं होतं. सगळ्यांचं सारखं नसतं, बघून ठरव.

चादर थांबली नाही. आधी आम्ही त्यांना सांगून पाहिलं की धरायची गरज नाही, तेव्हा ते घाबरायचे. कुणी बघितलंच नाही तर शिक्षा ठरलेली, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. चादर मुकाट्याने काढून घेतली तरी थरथरायचे. मग काकूंचं सर्जाचं आठवलं आणि केअर प्लॅनमध्ये लिहून घेतलं, म्हणजे माझ्या सुट्टीच्या दिवशीही सगळे तसंच करतील.

सकाळी आत गेलं की आधी 'गुड मॉर्निंग, टॉमस'. मग चादर त्यांच्या हातातच राहू द्यायची, तिची एक बाजू नीट बघायची, दुसरी बाजू बघायची, घाई करायची नाही. मग मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, 'कोरडी आहे'. तेव्हा चादर हळूहळू खाली यायची आणि तिच्यामागून त्यांचा चेहरा दिसायचा. 'कोरडी आहे, अ स्टोर,' ते म्हणायचे. अ स्टोर म्हणजे आपण बाळा म्हणतो तसं. मग दोघं मिळून ती परत अंथरायचो. डोक्याकडची बाजू माझी, पायाकडची त्यांची. पायाकडचे दोन्ही कोपरे ते असे चापून दुमडायचे की दिवसभर चादर सुटायची नाही.